‘पिशवी’ शोधू नये

पिशवी हरवली आहे हे फोरमनला कळलं ते बायको गेल्याच्या नवव्या दिवशी. आठ दिवस घरात माणसांची ये-जा होती. कुणी भांडी घासत होतं, कुणी समोर बसून उसासे टाकत होतं, कुणी दोन घास खा म्हणून मागं लागलं होतं. नवव्या दिवशी सकाळी मेहुणीही गेली. दार लागलं आणि त्याला वाटलं, आता निवांत वाचू. दारामागच्या खुंटीकडे हात गेला. खुंटीवर त्याचा रेनकोट होता, छत्री होती. पिशवी नव्हती.

त्यानं घर पालथं घातलं. कपाट, पलंगाखालची ट्रंक, धुण्याची बादली. फ्रीजही उघडला, कारण दोनच दिवसांपूर्वी त्याचा स्वतःचा चष्मा तिथं सापडला होता. मग तो खुर्चीवर बसला आणि त्या दिवसाचं एकेक पाऊल मागं जात आठवू लागला. पहाटे ती गेली. नर्सनं पिशवी हातात दिली. त्यानं सही केली. तिचे कपडे आणायला तो बसनं घरी निघाला. पिशवी मांडीवर नव्हती घेतली, शेजारच्या सीटवर ठेवली होती. दोघं मिळून कुठं गेली की त्या बाजूला ती बसायची. उतरला तेव्हा हात रिकामे होते. त्या दिवशी त्याच्या लक्षात काही राहत नव्हतं, तर हातात कुठून राहणार.

पिशवीत फार काही नव्हतं. त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर, एक बाही झालेला. दोन सुया. तिचा चष्मा, ज्याच्या मोडक्या काडीला त्यानंच तांब्याची तार गुंडाळून दिली होती. आणि वही. शेवटचे अठरा दिवस तिच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं, म्हणून ती वहीत लिहायची आणि तो वाचून उत्तर द्यायचा. ‘गॅस बंद केला होता का.’ ‘डाव्या बाजूला उशी.’ ‘दाढी करा, कैद्यासारखे दिसता.’ शेवटच्या संध्याकाळी तिनं एक पान भरून लिहिलं, बराच वेळ लिहिलं, मग पान मधोमध दुमडलं आणि वरच्या बाजूला लिहिलं, ‘घरी वाचा.’ तो उघडायला गेला तर तिनं डोळे वटारले. त्यानं वही पिशवीत ठेवली.

तेहेतीस वर्षांच्या संसारात तिचं एकदाच निमूटपणे ऐकलं, आणि तेही नको तिथं.

पिशवी बसमध्ये राहिली असेल, तर ती कुठं जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं. गाडी डेपोत येते, झाडणारा सीटा बघतो, सापडलेली वस्तू अंगणापलीकडच्या खोलीत जाते. त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यानं एकतीस वर्षं काढली होती. फोरमन हे नाव तिथलंच. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते सुटलं नव्हतं. आणि अंगणापलीकडची ती खोली चौदा वर्षं त्याच्या बायकोनं सांभाळली होती. डेपोत तिला सगळे सापडबाई म्हणायचे.

आता तिथं कंडक्टरबाई बसत होत्या. गुडघे गेले म्हणून गाडीवरून उतरवून त्यांना खुर्ची दिलेली. फोरमनला बघून त्या उठायला लागल्या.

“बसा हो, बाई. मी काय साहेब आहे?”

“उठता येतं कुठं, नुसतं दाखवते,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “फार वाईट झालं, फोरमन.”

“हो,” तो म्हणाला आणि पिशवीचं सांगितलं.

दहा-बारा दिवस त्यानं मांडण्यांवर हातानं शोधलं. छतापर्यंत सोळा मांडण्या, प्रत्येकीला सहा कप्पे. छत्र्या, डबे, शाळेची दप्तरं, एक कुबडी, भिंतीवरचा आरसा, आणि पिशव्या. पिशव्यांच्या पोटात पिशव्या. हिरवी कापडी, लाकडी कड्यांची, ती मिळाली नाही. शेवटी कंडक्टरबाई म्हणाल्या, “त्या डब्यात बघा की. बाई सगळं त्यात लिहायच्या. मी आयुष्यभर तिकिटं फाडली, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मला तरी कुठं कळतं?”

“मग दोघं आंधळे. बसा.”

तो डबा म्हणजे टेबलावरचा जुना कॉम्प्युटर. बायकोच्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटरच्या कामात होती. तिनं मावशीसाठी त्यात एक डेटाबेस करून दिला होता. मायएसक्यूएल असं त्याचं नाव, हे फोरमन जेवताना ऐकून ऐकून शिकला होता. आधी त्यात एक चौकट होती. शब्द टाकायचा, बटण दाबायचं, यादी यायची. ऑफिसनं मधे मशीन बदललं आणि चौकट गेली. आतला माल शाबूत होता, पण तो मागायचा तर काळ्या पडद्यावर हातानं प्रश्न लिहावा लागायचा. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात.

भाची दुसऱ्या गावी. तिनं फोनवरून पहिली क्वेरी अक्षर अक्षर सांगितली. सिलेक्ट, ताऱ्याचं चिन्ह, फ्रॉम, वस्तू, व्हेअर, मॅच, कंस, वर्णन, कंस, अगेन्स्ट, कंस, अवतरण, पिशवी. फोरमननं एका बोटानं ते लिहिलं आणि एंटर दाबलं. खाली एक बारका बाण आला आणि लुकलुकत राहिला. अर्ध्या तासानं भाचीनं परत फोन केला.

“मिळालं का, काका?”

“शोधतंय अजून. बाण दाखवतंय.”

“शेवटी सेमिकोलन दिलात?”

“काय दिलं?”

“टिंब, आणि त्याच्याखाली स्वल्पविराम.”

“नाही.”

“मग ते शोधत नाहीये, काका. तुमचं बोलणं संपायची वाट बघतंय.”

“कमाल आहे. अर्धा तास मी त्याची वाट बघतोय.”

कंडक्टरबाईंना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात ढकललं.

त्यानं सेमिकोलन दिलं. उत्तर लगेच आलं. एकही ओळ नाही.

फोरमननं मान वळवून मांडण्यांकडे बघितलं. बसल्या जागेवरून त्याला चाळीसेक पिशव्या दिसत होत्या. “अगं, हे म्हणतंय एकही पिशवी नाही. माझ्या डोक्यावर पिशवी लोंबतेय.”

“अरे देवा,” भाची म्हणाली. “विसरलेच मी. काका, हे जरा जुन्या पद्धतीचं आहे. निम्म्याहून जास्त नोंदींत जो शब्द येतो, तो हे धरतच नाही. सगळीकडेच आहे, म्हणजे शोधायला निरुपयोगी, असा त्याचा हिशेब.”

“म्हणजे जास्त आहे म्हणून नाही?”

“तसंच काहीसं.”

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे? रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट नसल्यात जमा?”

भाची हळू म्हणाली, “मी नाही केलं, काका, ते तसंच येतं.” तेव्हा त्याला कळलं की आपला आवाज चढला होता, आणि आपण पिशव्यांबद्दल बोलत नव्हतो.

फोन ठेवल्यावर त्याला पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेली कागदाची पट्टी दिसली. इतका वेळ ती त्याच्या नाकासमोर होती. बायकोचं अक्षर. ‘पिशवी शोधू नये. मिळत नाही. काय वेगळं आहे ते विचारावे.’

दुसऱ्या दिवशी भाचीनं दुसरी रीत सांगितली. त्यात निम्म्याची भानगड नव्हती. शब्दापुढं अधिकचं चिन्ह दिलं तर तो शब्द हवाच, उणं दिलं तर नकोच. ही रीत फोरमनला पटली, यंत्रासारखी होती. त्यानं लिहिलं, अधिक हिरवी, अधिक पिशवी, अधिक लोकर. तीन ओळी आल्या. पहिलीत हिरव्या लोकरीची टोपी पिशवीत होती. दुसरीत बाहुली. तिसरी सहा वर्षांपूर्वीची. त्यानं लोकर काढून वही घातली, तर ढीगभर हिरव्या पिशव्या आल्या, आणि निम्म्यांत वही नव्हतीच.

“चारहून कमी अक्षरांचा शब्द हे सोडून देतं,” भाची म्हणाली. “वही लहान पडते त्याला.”

“मला वहीच पाहिजे.”

“मग लाइक वापरा. दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह द्या, मधे वही.”

त्यानं तसं लिहिलं, आणि पडदा वरून खाली धो धो पळत सुटला. साडेअकराशे ओळी. गावातल्या प्रत्येक पोरानं निदान एकदा तरी बसमध्ये वही विसरलेली दिसत होती.

“काय हे,” फोरमन म्हणाला. “एक रीत मुकी, एक बहिरी, आणि ही तिसरी बडबडी.”

“माझी सासू एकटी तिन्ही आहे,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “चहा घ्या.”

इंजिनाचं बरं असतं, तो मनात म्हणाला. इंजिन खोटं बोलत नाही. तेल गळतं तर गळतं, दिसतं. हे मशीन विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतं, आणि आपण काय चुकीचं विचारलं ते सांगायचं नाव नाही.

तारखेनं शोधायला गेला, तर तारखेचा रकाना रिकामा. बायको दवाखान्यात गेल्यापासून कंडक्टरबाई येईपर्यंत खोलीवर एक बदली कारकून बसवला होता. त्यानं साचलेली सहाशे वस्तूंची रास तीन दिवसांत चढवली आणि तारखा गाळल्या. भाची म्हणाली, शेवटच्या सहाशे नोंदी काढून देते, डोळ्यांनीच वाचा. त्यानं दोन दिवस त्या वाचल्या. हिरवी कापडी पिशवी, लाकडी कडी, असलं काही नव्हतं. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा तो वाचणं थांबवून तिच्या जुन्या नोंदींकडे वळला.

त्या त्यानं कधी वाचल्याच नव्हत्या. चौदा वर्षं ती संध्याकाळी सांगायची, आज असं असं आलं, आणि तो हूं हूं करत पेपर वाचायचा.

‘निळी छत्री, दांड्याला लहान मुलाच्या दातांच्या खुणा.’ ‘जेवणाचा डबा. झाकण दुसऱ्या डब्याचं, पण घट्ट बसतं.’ ‘उजवा बूट, एकच. तळ अंगठ्याशी झिजलेला, माणूस ब्रेक फार दाबतो, ड्रायव्हर असावा.’ ड्रायव्हरच निघाला होता. पुढं लिहिलं होतं, ‘नेला. लाजला.’

तिची एक पद्धत होती. वस्तू आपल्याला दिसते तशी लिहायची नाही. जो ती विचारत येईल, तो ज्या शब्दांत सांगेल तसं लिहायचं. आईला तो ‘बाळाचा’ टॉवेल असतो, आपल्याला नुसता टॉवेल. माणूस येऊन उभा राहिला की ती म्हणायची, सांगा बघू कशी होती, आणि तो जे बोलेल तेच शब्द टाइप करायची. दहातल्या आठ वेळा वस्तू निघायची. लोकांना वाटायचं बाईंना सिद्धी आहे.

फोरमन हीच पद्धत वापरत होता. स्वतः जसं सांगेल तसंच लिहीत होता. हिरवी तर हवीच. मग कड्यांची. विणकाम. तिचा चष्मा. आणि पडदा त्याच त्या तीन ओळी तोंडावर मारत होता.

सोमवारी कंडक्टरबाई म्हणाल्या, “फोरमन, सांगायला नको वाटतंय, पण गुरुवारी भंगाराची गाडी येणार आहे. निकामी ठरवलेलं सगळं ती घेऊन जाते.”

“माझी वस्तू निकामी नाही.”

“तुमची नाहीच हो. मी आपलं सांगून ठेवलं.”

त्या दिवशी त्यानं घरून दुसऱ्या स्वेटरची बाही आणली होती, त्याच लोकरीची, तिनं आधी विणून नको म्हणून बाजूला टाकलेली. बाईंना रंग नीट दाखवावा म्हणून. टेबलावर ठेवली आणि त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, “बाई, ही बाही कुणाची ते तुम्हाला माहीत नाही असं धरा. ही गाडीत सीटखाली सापडली. तुम्ही काय लिहाल?”

बाईंनी बाही दोन बोटांनी उचलली. दोरे लोंबत होते. “खरं सांगू?”

“खरंच सांगा.”

“राग धराल.”

“नाही धरत.”

“चिंध्या,” बाई म्हणाल्या.

त्यानं राग धरला. पण टाइप केलं. चिंध्या, पुढं अधिकचं चिन्ह, शेवटी सेमिकोलन. चार ओळी आल्या. चौथी अशी होती. ‘मळकी पिशवी. आत चिंध्या, सळ्या २, तुटका चष्मा तार गुंडाळलेला, लिहिलेले कागद. निकामी. वर.’

फोरमननं ती तीनदा वाचली. ही नोंद त्या सहाशेत होती. ती त्याच्या डोळ्यांखालून गेली होती. आता त्याला स्पष्ट आठवलं की ‘मळकी’ हा पहिला शब्द दिसला आणि त्यानं पुढचं वाचलंच नव्हतं, खालच्या ओळीवर गेला होता. त्याच्या बायकोची पिशवी मळकी नव्हतीच. ती दर रविवारी धुवायची.

“मिळाली?” कंडक्टरबाईंनी विचारलं.

“अठरा दिवस दवाखान्याच्या फरशीवर होती,” तो म्हणाला. “मळणारच की.”

त्यानं बदली कारकुनाचा नंबर मिळवला. कारकून आता दुसऱ्या डेपोत होता आणि जेवत होता.

“वर म्हणजे कुठं?” फोरमननं विचारलं.

“वर म्हणजे माळ्यावर. निकामी माल पोत्यांत भरून वर टाकला.”

“कुठल्या पोत्यात?”

“आता ते कसं सांगू, काका? तुमच्या बाई एकेका छत्रीवर निबंध लिहायच्या. मला तीन दिवसांत सहाशे वस्तू उरकायच्या होत्या.”

“चष्म्याला तार गुंडाळलेली तेवढी बरी दिसली तुला.”

“दिसली. म्हटलं, कुणीतरी चिकटपणानं जोडलाय, आणि तरी तुटकाच.” मग तो म्हणाला, “महत्त्वाचं होतं का काही?”

फोरमनच्या तोंडावर आलेलं तो गिळून गेला. पोराची चूक होती आणि नव्हती. त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं होतं. “जेव तू,” फोरमन म्हणाला आणि फोन ठेवला.

माळ्यावर जायला लोखंडी शिडी होती. बाईंचे गुडघे चढण्याचे नव्हते, त्या खाली शिडी धरून उभ्या राहिल्या, जणू शिडी पळून जाणार होती. वर वाकूनच चालावं लागत होतं. पोती भिंतीशी रचलेली, तोंडं सुतळीनं शिवलेली. त्यानं मोजली. एकतीस. एकाही पोत्यावर चिठ्ठी नव्हती, खूण नव्हती.

“बाई,” तो वरून म्हणाला, “मागची भंगाराची गाडी कधी आली होती?”

“मी यायच्या आधी,” बाई खालून म्हणाल्या. “तारीख माहीत नाही. किती पोती नेली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.”

म्हणजे पिशवी इथं असेलच असंही नव्हतं.

त्यानं खिशातला चाकू काढला आणि पहिलं पोतं उसवलं. तो एकेक वस्तू बाहेर काढून कठड्यावर मांडत होता आणि परत भरत होता. फुटका थर्मास. हातमोजे, पंधरा-वीस, सगळे एकेकटे. कुणाच्या तरी एक्स-रेचं पाकीट. हँडल तुटलेल्या पिशव्या, प्रत्येकीच्या आत काही ना काही. तो प्रत्येक पिशवी उलटी करून झटकत होता. मळकी, मळकी, ही पण मळकी. एकेकीची नोंद सापडबाईनं कशी केली असती असं मनात यायला लागलं तसा हात मंदावला. मग त्यानं स्वतःला एक शिवी घातली आणि चाकू पुढच्या सुतळीला लावला.

मंगळवारी सात पोती झाली. बुधवारी त्यानं ऑफिसात जाऊन गाडी पुढं ढकलायचा अर्ज दिला. साहेबानं तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, “फोरमन, तुमच्यासाठी काहीही केलं असतं, पण गाडी बाहेरच्या ठेकेदाराची आहे, एकदा ठरली की ठरली.” आणि मग जरा ओशाळून, “संध्याकाळपर्यंत किती होतील?”

“हातानं जितकी होतील तितकी.”

“डेटाबेसमध्ये बघितलं का? आपल्या बाईंनी तो फार छान ठेवला होता.”

फोरमननं साहेबाकडे बघितलं आणि तो परत शिडी चढला.

बुधवारी संध्याकाळी वर्कशॉपचा भोंगा वाजला तेव्हा चौदा पोती उघडून झाली होती. एका पोत्यात एक विणायची सुई मिळाली, एकच, पण ती प्लास्टिकची होती, आणि बायकोच्या स्टीलच्या होत्या. खोली बंद व्हायची वेळ झाली. कंडक्टरबाईंनी कुलूप हातात धरलं आणि लावलं नाही.

“गाडी अकराला येते,” त्या म्हणाल्या. “मी सातला उघडते. तुम्ही या.”

“येतो.”

“आणि फोरमन, ते चिंध्या म्हटलं मी.”

“तुम्ही म्हटलं नसतं तर मी अजून हिरवीच शोधत बसलो असतो,” तो म्हणाला.

घरी जाताना बसमध्ये तो खिडकीजवळ बसला. शेजारची सीट मोकळी होती. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि उतरेपर्यंत तिथंच ठेवले.

सतरा पोती उघडायची राहिली आहेत. पान वाचायचं राहिलं आहे.